वाफसा येईस्तोवर

तुझ्यासाठी काढलेला खड्डा सकाळी जाऊन बघितला तर पाण्यानं भरलेला. रात्री पाऊस नव्हता. बाजूच्या मातीतनं पाझरून आलेलं पाणी, गढूळ, टपरीवरच्या चहासारखं. त्या दिवशी तुझं सावडायचं होतं. गावानं आता रक्षा नदीत सोडायचं बंद केलंय. ज्यानं त्यानं आपल्या शेतात खड्डा काढायचा, रक्षा त्यात घालायची आणि वर एक झाड लावायचं. पद्धत चांगली आहे. पण ज्यानं ती काढली त्याचं रान आपल्यासारखं काळं आणि चिकण नसणार.

भावकीतल्या गड्यांनी आदल्या सांजेला खड्डा काढला तेव्हा मी घरात भिंतीला टेकून बसलो होतो. कुणी मला विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला कशाला उठवा, असं त्यांना वाटलं असणार. कमरेएवढा खोल काढला, मायेनं काढला. ओल्या चिकण मातीत खोरं मारलं की कडा चकाकतात, कुंभारानं ओला हात फिरवल्यासारख्या. मग तो खड्डा राहतच नाही, रांजण होतो. पाण्याला आत यायला वाट असते, बाहेर जायला नसते. हे तुला मी सांगायला नको. तू या रांजणात किती झाडं घालवलीस ते आपल्या दोघांनाच माहीत.

तुझा भाऊ शिवा कवठे महांकाळहून पहाटेच आला होता. खड्ड्याच्या काठाला उकिडवा बसला आणि हमसून रडायला लागला. मला वाटलं, ह्याला कळलं. पण तो म्हणाला, "दाजी, बगा. आक्कासाठी धरणीनं पाणी धाडलं. ल्हानपणी कोस कोस घागरी वाहिल्या तिनं. आता बसल्या जाग्याला पाणी आलं तिच्या."

बायांनी पदर डोळ्याला लावले. एकीनं त्या पाण्यात हळदकुंकू सोडलं. कोरडवाहू मुलखातला माणूस तो, त्याला खड्ड्यातलं पाणी म्हणजे आशीर्वाद. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला त्या पाण्यात तुझी मेलेली झाडं दिसली.

मी म्हणालो, "ह्या डबक्यात मी तिला ठेवणार न्हाई."

दुःखाच्या ठिकाणी असं तोडून बोलायचं नसतं. पण मला गोड बोलता आलं असतं तर तू पन्नासएक वर्षं माझ्याशी भांडली कशाला असतीस.

आपला संभा फौजेतनं रजा काढून आलेला, डोक्याचा गोटा केलेला, रक्षेचं मडकं हातात धरून उभा. तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, माणसं खोळंबल्यात. इधी उरकू. झाड जगंल का न्हाई ते मागनं बगू."

"मागनं बगू म्हणून म्हणून हितं किती झाडं मेली," मी म्हणालो, "तुझ्या आईला इचार."

आणि मग माझ्या ध्यानात आलं, कुणाला विचार म्हणतोय ते. संभानं मान खाली घातली. मी त्याच्या हातातनं मडकं घेतलं आणि बांधावरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगलं. रक्षा घरात नेत नाहीत, आणि खाली ठेवायला कोरडी जागाच नव्हती.

लोक पांगले. जाताना कुणीतरी म्हणालंच, "म्हातारं भ्रमलंय." असू दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भ्रमलंय म्हंजे? आदीपासनंच हाय."

तू नवी नवरी आलीस तेव्हाची गोष्ट मला अजून दिसते. आल्या आल्या तू अंगण सोडून रान बघायला गेलीस. उसाच्या कडेला मूठभर माती उचललीस, हातावर वळलीस, तर तिची शेवयासारखी वळी झाली. तू नुसती बघत राहिलीस. तुमच्या माळावर माती मुठीत धरली तर बोटांतनं निसटते. तुला वाटलं, एवढी लोण्यासारखी माती, हिच्यात काय न येईल. आणि तू आंबा लावायचं मनावर घेतलंस.

पहिलं झाड तू माहेरच्या रीतीनं लावलंस. खोल खड्डा, त्यात शेणखत, भोवतीनं मोठं आळं, आणि रोज सांजेला बादलीभर पाणी. तुमच्याकडं झाड खाली बसवतात, पाण्याचा थेंब पळून जाऊ नये म्हणून. श्रावणात पानं पिवळी पडली. तुला वाटलं तहानलंय. तू आणखी पाणी घातलंस. झाड हाताला लागून उपटून आलं तेव्हा मुळं काळी ठिक्कर आणि गटारीचा वास. तू ते पाटाच्या पाण्यात धुतलंस, उलटंपालटं करून बघितलंस आणि म्हणालीस, "आमच्याकडं झाडं तहानंनं मरत्यात. तुमच्याकडं बुडून मरत्यात. मरायचं कसं ते तरी एक ठरवा आवं."

दुसऱ्या झाडाला मी अक्कल चालवली. नदीतली वाळू आणून खड्ड्यात चिकण मातीत मिसळली, म्हटलं आता पाणी निचरेल. उन्हाळा आला आणि त्या मिश्रणाची वीट झाली. पहार मारली तर पहार उडाली. तू कमरेवर हात ठेवून बघत होतीस. "आता हितं झाड नगं," म्हणालीस, "खोली बांधू."

त्यानंतर उकिरड्यावर पपई आली. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही. वाढली, फळली, आपण खाल्ली. तू मला हाताला धरून तिथं नेलंस. "हिला कुणी खड्डा काढला? ही ढिगावर हाय म्हणून जगली. झाड ह्या मातीत खाली न्हाई, वर बसवायचं."

मी म्हणालो, "वर चढवशील, पण खालचं पाणी कुठं घालवशील? ढिगाच्या पायात पाणी साचलं की ढीगच बसंल. आदी चर काढला पायजे."

आणि इथनं आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस ढीग, मी म्हणायचो चर. जेवताना ढीग आणि चर, उसाला पाणी देताना ढीग आणि चर. एकदा पाव्हण्यांसमोर तू म्हणालीस, "ह्यांची जमीन ह्यांच्या आईसारखी हाय. धरलं की सोडत न्हाई." मी म्हणालो, "आन तुझी माहेरची जमीन तुझ्या बापासारखी. कितीबी घाला, हातात काय ऱ्हात न्हाई." पाव्हणे हसून हसून लोळले. आपण दोघं मात्र दोन दिवस बोललो नाही.

तू पाट्या वाहून ढीग केलास, वर लिंबू लावलंस. पावसात ढिगाच्या भोवतीनं तळं झालं, ढीग खचला, लिंबू कलंडलं. मी चर काढला, त्याच्या कडेला सपाट जमिनीत पेरू लावला. चरातनं पाणी वाहायचं, पण चिकण माती आपलं पाणी लवकर सोडत नाही, पेरूच्या मुळाशी चिखल तसाच. पेरू गेला. दोघांची दोन झाडं मेली, आणि दोघंही आपलंच खरं म्हणत राहिलो. तू म्हणायचीस ढीग अजून मोठा पायजे होता. मी म्हणायचो चर अजून खोल पायजे होता. ढीग आणि चर एकाच झाडाला करावं, हे दोघांपैकी कुणी काढलं नाही. ते काढणं म्हणजे समोरच्याचं निम्मं कबूल करणं.

तरी तू लावायची थांबली नाहीस. याच उन्हाळ्यात तू रायवळ आंब्याची कोय पत्र्याच्या डब्यात लावलीस, तळाला खिळ्यानं भोकं पाडून. मी विचारलं, "आता ही कुठं मारणार?" तू म्हणालीस, "मरंल न्हाईतर जगंल. तुमी नजर नगा लावू." तू गेलीस तेव्हा ते रोप वीतभर झालं होतं आणि पडवीत उभं होतं.

सावडायचं असं अर्धवट राहिल्यावर सांजेला शिवा माझ्याजवळ येऊन बसला. रागात होता, पण दाजी म्हणून आवाज खाली ठेवला होता. म्हणाला, "मडकं मला द्या. आक्काला मी माळावर नेतो. तितं पाणी साचत न्हाई, झाड बी मरत न्हाई. हितं तुमी तिला फांदीला टांगून ठेवलंय, ह्ये बरं दिसतं व्हय?"

खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं द्यावं. तुझ्या माळावर तुझं झाड सुखानं वाढलं असतं. मीही सुटलो असतो. संभा मला त्याच्याकडं नेणारच होता, मग मागं काय ठेवायचं.

पण मी म्हणालो, "शिवा, ती जलमभर ह्या चिखलाशी भांडली. भांडणातनं मधीच उठवून नेऊ नगंस."

"मग करणार काय?"

"वाफसा येऊ दे."

तो कोरडवाहू शेतकरी असला तरी शेतकरीच. वाफसा म्हटल्यावर त्यानं मडक्याचा विषय सोडला. माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, हाताळली तर भुसभुशीत फुटते, तो वाफसा. त्याच्या आधी काळ्या मातीला हात लावला की तिचे दगड होतात आणि वर्षभर तसेच राहतात. शिवा गुडघ्यावर हात टेकत उठला आणि म्हणाला, "तुमच्या मातीला वाफसा कवा यायचा, दाजी? आमचा तर पाऊस थांबला की दुपारी येतो."

"आमची लय नखऱ्याची हाय," मी म्हणालो.

तो हसला नाही. गाडी धरून निघून गेला. मला वाटलं, आता हा काही यायचा नाही.

त्या दिवसांत मी आणि संभा रोज सकाळी रानात जायचो. मूठभर माती घ्यायची, दाबायची, छातीएवढ्या उंचीवरनं सोडायची. पचकन बसली की घरी यायचं. लिंबाला टांगलेलं मडकं वाऱ्यानं हलायचं. संभा तिकडं बघायचा नाही. एवढा मोठा गडी, बर्फात पहारे केलेला, पण आईच्या मडक्याकडं बघायचा नाही. एकदा तो म्हणाला, "आबा, इथलं सगळं झालं की चला माझ्यासंगं. क्वार्टर मोठी हाय. नातवंडं हायत. हितं एकटं कसं ऱ्हाणार?" मी माती दाबली आणि सोडली. पचकन बसली. "उद्या बगू," मी म्हणालो. मी मातीचं बोललो का त्याच्या बोलण्याचं, ते त्यानं विचारलं नाही.

तुझं तेरावं झालं. संभाची रजा संपत आली. माती अजून चिकटतच होती. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आईची रक्षा झाडाला टांगलेली सोडून आपल्याला जावं लागणार. मलाही भीती वाटायला लागली होती. हट्टापायी पोराच्या जिवाला घोर लावतोय का, असं मनात यायचं. पण खड्डा बघून यायचो. पाणी तसंच होतं, वर हिरवं धरलेलं. ते बघितलं की हट्ट परत घट्ट व्हायचा.

मग एका सकाळी मातीची मूठ खाली पडली आणि फुटली. संभानं खाली बसून ते तुकडे बोटानं चाचपले. "आला," तो म्हणाला. एवढंच. आणि घराकडं खोरं आणायला पळाला, लहानपणी पळायचा तसा.

त्यानं शिवाला फोन केला असणार. दुपारी रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला. ट्रॉलीत काय, तर दगड. माळावरचे तांबूस, गोटे गोटे दगड, काठोकाठ भरलेले. वर शिवा बसलेला.

मी म्हणालो, "आरं, ह्ये कशाला?"

"आक्का सांगायची मला फोनवर, तुमी चर चर म्हणून डोकं खाता म्हणून. चरात दगड भरलं की चर बुजत न्हाई. आन आमच्याकडं दुसरं हाय काय?" मग दगडावर हात ठेवून म्हणाला, "ह्ये बांधावर ढीग घालून पडलं व्हतं. आमी आन आक्कानं ल्हानपणी रानातनं येचल्यालं. तवा आमी शिव्या घालायचो ह्यास्नी."

तुझ्या हातानं वेचलेले दगड, तेव्हापासनं साठ वर्षं तिथं वाट बघत बसल्यासारखे. मी शिवाला म्हणालो, "उतर. बोलत बसू नगं. वाफसा थांबत न्हाई." तेवढंच आलं तोंडात.

डबकं झालेला खड्डा आम्ही पहिल्यांदा बुजवला. तिथनं जरा वरच्या अंगाला जागा धरली. तिथनं ओढ्यापर्यंत चर काढला, उतार धरून. तळाला दगड भरले, वर उसाचं पाचट पसरलं, त्यावर माती ओढली. म्हणजे पाणी आत उतरेल आणि माती दगडांत शिरणार नाही. मग चराच्या डोक्याशी ढीग घातला. खळ्याएवढा रुंद, गुडघ्याच्या वर उंच, कडेला उतरता. तू घातला होतास त्याच्या कितीतरी पट मोठा. तू म्हणायचीस ना, अजून मोठा पायजे होता. माती बाहेरून आणली नाही. याच रानातली वरची माती आणि कुजलेलं शेणखत, एवढंच.

रक्षा घालायची वेळ आली तेव्हा शिवा सगळं मडकं रोपाच्या जागी ओतायला निघाला. मी हात धरला. "एका जागी घालू नगंस. राख ढिगानं झाली की मूळ करपतं. सगळ्या ढिगात कालव." त्यानं माझ्याकडं बघितलं. आता पुन्हा भांडण होणार असं मला वाटलं. पण तो खाली बसला आणि मातीत रक्षा मिसळायला लागला. मी बसलो, संभा बसला. तिघांचे हात कोपरापर्यंत माखले. कुणी रडलं नाही. काम लय होतं.

तुझ्या डब्यातलं रोप लावताना बुंधा मातीच्या जरा वरच ठेवला. शिवाचे हात सवयीनं भोवती आळं करायला लागले. मी त्याच्या हातावर चापट मारली. तो दचकला आणि मग हसायला लागला. "दाजी, आळं न्हाई तर झाडाला लाज वाटंल." संभाही हसला. तू गेल्यानंतर आपल्या रानात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी संभा गेला. जाताना म्हणाला, "आबा, मी न्यायला येतो. थोडं दिस ऱ्हावा, मग येतो." मी बरं म्हणालो.

कार्तिकात अवकाळी आला. असा आला की पत्र्याखाली आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. मी रात्री झोपलो नाही असं म्हणणार नाही, झोपलो. पण उजाडता उजाडता रानात गेलो. उसाच्या सरीत पाणी तुंबलं होतं. आपला ढीग कोरड्या काठासारखा वर होता. रोप उभं होतं. मी चर संपतो तिथं ओढ्याच्या कडेला गेलो आणि कान दिला. खाली दगडांतनं पाणी चाललं होतं, खळखळ नव्हे, आपलं हळू, कुणी आत बसून भांडी विसळल्यासारखं.

तेवढ्यात शिवाचा फोन. "दाजी, पाणी साचलं का?"

"न्हाई."

"अजाबात न्हाई?"

"न्हाई रं. वाटनं लागलंय."

तो म्हणाला, "हिकडं एक थेंब आला न्हाई. पर बरं झालं." खड्ड्यातलं पाणी बघून रडलेला माणूस पाणी साचलं नाही म्हणून बरं झालं म्हणाला. तू हे ऐकायला पाहिजे होतंस. मला तुला ते सांगायचं आहे, आणि सांगायला तूच नाहीस, असं दिवसातनं कितीदा तरी होतं.

आता थंडी पडली आहे. ढिगावर पाचट अंथरलंय. गेल्या आठवड्यात शेंड्याला नवी पालवी फुटली, तांबडी, ओली दिसणारी, बोटानं शिवायला भीती वाटावी अशी. कोयीचं झाड आहे, आंबा धरायला कितीतरी वर्षं लागतील. मी ती मोजत नाही.

पण एक गोष्ट मला आत्ता कळली, जी आपल्या एवढ्या भांडणात कधी आलीच नाही. जो ढीग पाणी धरत नाही, तो लवकर सुकतोही. आजूबाजूचा ऊस गारेगार आणि हे एवढंसं रोप तहानेलं. जन्मभर मी पाटाच्या पाण्याला मातीचं दार मोडून दिलं आणि पाणी आपलं आपण सरीनं गेलं. एका झाडासाठी कळशी उचलून नेणं मला कधी करावं लागलं नाही. ते काम तुझं होतं. आता मी करतो. गुडघा दुखतो, मधे बांधावर बसतो, पुन्हा उठतो.

परवा संभाचा फोन आला. "आबा, कवा येऊ न्यायला?"

"पाणी कोण घालणार झाडाला?" मी म्हणालो.

"ठिबक बसवून देतो की. आपोआप जाईल पाणी."

"बसव. पण मी हितंच हाय. उन्हाळ्यात नातवंडं घिऊन तूच ये. सावली नसंल, पर झाड दाखवतो."

तो हसला. रागावला नाही. "बरं," म्हणाला, "आईला नमस्कार सांगा माझा." तो सांगितला आहे.

तेवढं पाण्याचं मात्र अजून ठरत नाही. मी म्हणतो, थंडीत आठवड्यातनं एकदा पुरं. तू रोज म्हणाली असतीस, ते मला पक्कं माहीत आहे. म्हणून मधलं धरलंय. तीन दिवसांआड कळशी नेतो.